‘चालेल’ कशात धरायचं?

माझा मामा गजर वाजवतो. घड्याळांच्या कारखान्यात गजर खातं म्हणून एक खातं आहे. तयार झालेलं प्रत्येक चावीचं घड्याळ तिथे कानाशी धरायचं आणि गजर नीट वाजतो की नाही ते बघायचं, हे त्याचं काम. नीट वाजला तर घड्याळ पेटीत जातं, नाही वाजला तर परत जातं. मामाचे कान मात्र ना पेटीत गेले ना परत आले. ते नुसतेच गेले.

त्यामुळे आमच्या घरात कुणी बोलत नाही, सगळे ओरडतात. शेजाऱ्यांना वाटतं आमच्यात रोज भांडणं होतात. खरं भांडण होतं तेव्हा आम्ही गप्प असतो, कारण घसा आधीच बसलेला असतो. मी लहानपणापासून मामा-मामींकडेच वाढलो. का, ती वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यात एकही विनोद नाही.

मी सर्वे करणाऱ्या कचेरीत कामाला आहे. एखाद्या कंपनीला वाटतं, लोकांना काय हवंय ते आपल्याला माहीत नाही, मग ती आमच्याकडे येते. आम्हालाही माहीत नसतं, पण आम्ही ते तक्त्यात मांडून देतो. आमच्या साहेबांना सगळे टक्केसाहेब म्हणतात. पाऊस येईल का विचारलं तर ते साठ टक्के म्हणतात आणि तब्येत कशी आहे विचारलं तर ऐंशी. एकदा त्यांच्या बायकोनं फोन करून विचारलं, माझ्यावर प्रेम आहे ना? तेव्हा त्यांनी ‘नमुना लहान आहे’ असं उत्तर दिलेलं मी स्वतः ऐकलंय.

त्या दिवशी आमच्याकडे एक मालकीणबाई आल्या. नवऱ्यामागे कारखाना एकटीनं सांभाळणारी बाई. बोलणं मोजकं, पर्स मोठी. पर्समधून त्यांनी एक घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. गोल तोंडाचं, डोक्यावर दोन वाट्या असलेलं. मी ते लगेच ओळखलं. आमच्या घरी तसली पाच आहेत, त्यांतल्या एकावर मामी लसूण ठेचते.

“लोकांना हे हवंय की नकोय, एवढंच सांगा,” त्या म्हणाल्या. “हवं असेल तर गजर खातं चालू ठेवते, नको असेल तर बंद करते.”

“आणि तिथली माणसं?” मी विचारलं. नियमाप्रमाणे मी काही विचारायचं नसतं, फक्त लिहून घ्यायचं असतं.

“त्यांना लोडिंगच्या आवारात घेईन. तिथे माणसं कमीच पडतात.”

माणसं कमी का पडतात ते मला माहीत होतं. आवारात दिवसभर ट्रक मागे मागे येत असतात. ड्रायव्हर हॉर्न देतो, माणसानं बाजूला व्हायचं असतं. मागच्या खेपेला पॉलिश खातं बंद झालं, तेव्हा तिथला एक जण आवारात गेला. त्याचे कान अगदी शाबूत होते, फक्त त्या वेळी त्याला शिंक आली. त्याच्या बायकोनं डॉक्टरांना विचारलं, आता यांचं कसं? डॉक्टर म्हणाले, चालेल. डॉक्टरांचं खरं ठरलं. तो चालतो. काठी घेऊन.

टेबलाशी बसल्या बसल्या मी त्याच जागी मामाला उभा केला. मागून ट्रक, ट्रकचा हॉर्न आणि पुढे मामा, शांतपणे विडीची राख झटकतोय.

आपला सख्खा मामा त्याच खात्यात आहे, हे खरं तर मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मग टक्केसाहेबांनी मला त्या कामावरून काढलं असतं आणि प्रश्न दुसऱ्याच कुणीतरी लिहिले असते. मी गप्प बसलो.

संध्याकाळी घरी सांगितलं. म्हणजे ओरडलो. मामीच्या हातातला चमचा तसाच राहिला.

“अरे, मागून ट्रक आला तर ह्यांना कसं कळणार?”

“कळणार की,” मामा म्हणाला. त्यानं काय ऐकलं होतं ते देव जाणे. “न कळायला काय झालं? एवढा मोठा झालाय तो.”

“अहो, तो नाही! ट्रक! ट्रक!”

“हां, ट्रक,” मामा म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. “प्रश्न हाच विचारणार ना? मग काळजी कसली? घरचाच माणूस आहे.”

मामीनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही.

*

दुसऱ्या दिवशी सर्वे कशानं करायचा यावर बैठक झाली. टक्केसाहेब, मी आणि बेलताई. बेलताई म्हणजे आमची दारोदार फिरणारी बाई. तिनं इतक्या दारांच्या बेला दाबल्यात, की कुठलीही बेल नुसती ऐकून ती सांगते आत माणूस आहे की नाही आणि असला तर दार उघडेल की नाही.

“फोनवर करू,” टक्केसाहेब म्हणाले. “पटकन होतं.”

“सर, ज्याच्या हातात फोन आहे त्याचा गजर फोनमध्येच आहे,” मी म्हणालो. “त्याला फोन करून घड्याळ हवं का विचारायचं म्हणजे बोक्याला बोलावून उंदरांबद्दल मत घेणं झालं. शिवाय फोनवर माणूस काहीतरी सांगून मोकळा होतो. प्रश्न ऐकतसुद्धा नाही. फोनवरच्या उत्तराला अर्थच नसतो, सर.”

हे वाक्य मी फार तळमळीनं म्हणालो होतो. बेलताईला ते अजून आठवतं. मलाही.

“मग लिंक पाठवू.”

“लिंक भरणारी मुलं अकराला उठतात. त्यांना गजर म्हणजे काय तेच माहीत नाही.”

“म्हणजे दारोदार,” टक्केसाहेब म्हणाले.

“दारोदार म्हणजे मी,” बेलताई म्हणाली. “सरळ माझं नाव घ्या ना.”

मला दारोदारच हवं होतं. समोरासमोर उभं राहिलं की माणूस नाही म्हणायला लाजतो. आमच्या पुस्तकात याला दोष म्हटलंय. मी त्याला आशा म्हणत होतो.

मग आली प्रश्नावली. मुख्य प्रश्न एकच: असं घड्याळ तुम्ही घ्याल का? आणि खाली पाच पर्याय. नक्की घेईन, बहुतेक घेईन, सांगता येत नाही, बहुतेक घेणार नाही, नक्की घेणार नाही. हे टक्केसाहेबांनी लिहिलं होतं. मी रात्रभर त्या मधल्या ‘सांगता येत नाही’कडे बघत होतो. त्या पर्यायात मामासाठी काही नव्हतं. सकाळी मी ते खोडलं आणि तिथे लिहिलं, ‘चालेल’.

माझा हिशोब सरळ होता. काठावरचा माणूस ‘चालेल’ म्हणेल. आणि चालेल म्हणजे काय? चालेल म्हणजे जवळजवळ हो. हो म्हणताना जरा आळस आला की माणूस चालेल म्हणतो.

टक्केसाहेबांनी कागद वाचला. “बोलीभाषा आहे. लोकांना आपलंसं वाटेल. छान. पंच्याऐंशी टक्के छान.”

*

पहिलं दार एका आजोबांचं होतं. आत टेबलावर मामाच्याच खात्यातलं घड्याळ, इतकं पुसलेलं की त्यात माझं तोंड दिसलं. माझा जीव भांड्यात पडला. बेलताईनं प्रश्न वाचला, मग पर्याय वाचायला लागली. नक्की घेईन, बहुतेक घेईन, चालेल...

“हां, चालेल,” आजोबा म्हणाले.

“आजोबा, पण तुम्हाला हे घड्याळ आवडतं ना?” मी मध्ये तोंड घातलं.

“आवडतं? अरे, जीव आहे माझा त्याच्यावर. रोज चावी दिल्याशिवाय मी चहा घेत नाही.”

“मग नक्की घेईन असं...”

बेलताईनं माझ्या पायावर पाय दिला. आमच्या धंद्यातला पहिला नियम: उत्तर सुचवायचं नाही. काय वाटेल ते होवो, विचारणाऱ्यानं उत्तर सुचवायचं नाही.

“चालेल म्हटलं ना,” आजोबा म्हणाले. “तेच लिहा.”

बेलताईनं तेच लिहिलं.

पुढच्या दारात एका बाईनं नुकतंच तान्हं झोपवलं होतं आणि आमच्या बेलनं ते उठलं. “गजराचं घड्याळ? तुम्ही काय कमी वाजलात का आत्ता?”

“म्हणजे नक्की घेणार नाही?” बेलताईनं विचारलं.

“चालेल, चालेल! जा आता!”

तेच लिहिलं.

एका माणसानं प्रश्न पूर्ण होण्याआधीच दार लावता लावता ‘चालेल’ म्हटलं. एकानं पर्याय दोनदा वाचायला लावले, बायकोला बोलावलं, दोघांनी आत जाऊन चर्चा केली, बाहेर येऊन गंभीरपणे सांगितलं, “आम्हाला चालेल.” जणू आम्ही त्यांच्या मुलीला मागणी घातली होती. एका घरात तर आम्ही चुकीच्या मजल्यावर आलो होतो, ते घर यादीत नव्हतं. बेलताई म्हणाली, “माफ करा, चुकून आलो.” आतली बाई म्हणाली, “चालेल.”

आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं, की मी विहीर खणायला गेलो आणि खड्ड्यात पडलो. ज्यांना घड्याळ हवं होतं तेही चालेल म्हणत होते आणि ज्यांना नको होतं तेही. मी कुंपणावर एक आरामखुर्ची मांडली होती आणि सगळं गाव येऊन तिच्यावर बसलं होतं.

टक्केसाहेबांनी बेरीज केली. शंभरातले एकाहत्तर चालेल.

“हे कशात धरायचं?” त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच एखाद्या आकड्यापुढे अडलेलं बघितलं.

शेवटी त्यांनी आम्हाला काही दारांवर परत पाठवलं. तुम्ही ‘चालेल’ म्हणालात ते कोणत्या अर्थानं, हे विचारायला. बहुतेकांनी आमच्याकडे वेड्यासारखं बघितलं. “चालेल म्हणजे चालेल,” ते म्हणाले. एक बाई मात्र उंबऱ्यात बसलीच. “लग्नाआधी माझ्या आईनं विचारलं होतं, मुलगा कसा वाटतो? मी म्हटलं, चालेल.” तिनं आत बघितलं. आत कुणीतरी घोरत होतं. “अजून चालवतेय.”

“मग हे ‘हो’मध्ये धरलं तर?” बेलताईनं विचारलं.

“चालेल,” ती बाई म्हणाली.

*

अहवाल द्यायला आम्ही कारखान्यात गेलो. मालकीणबाईंनी तक्ता बघितला आणि मधल्या उंच खांबावर बोट ठेवलं. “हे काय?”

टक्केसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. शब्द माझा होता. मी उभा राहिलो. खिडकीच्या काचेतून खाली आवार दिसत होतं. एक ट्रक मागे येत होता.

“बाई, चालेल म्हणजे हो,” मी म्हणालो. “आपला माणूस हो असं तोंडानं म्हणत नाही. त्याला चालेल म्हणायची सवय असते. हे सगळे घड्याळ घेणारे लोक आहेत.”

मालकीणबाईंनी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. हे त्यांचं वाईट. मध्येच तोडणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं.

“मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसलेय,” त्या म्हणाल्या. “चालेल म्हणणारं गिऱ्हाईक हात हलवत परत जातं. घेणारा माणूस ‘द्या’ म्हणतो. हे सगळे ‘नको’मध्ये धरा.”

“धरलं,” टक्केसाहेब म्हणाले.

खातं बंद. इतकं सोपं असतं ते. त्याला दारसुद्धा वाजवावं लागत नाही.

“एक राहिलं,” मालकीणबाई म्हणाल्या. “कामगारांशी करार आहे. विचारल्याशिवाय कुणाला दुसऱ्या खात्यात हलवायचं नाही. जो नको म्हणेल त्याच्यापुरती अर्धी पाळी का होईना, गजर खात्यात ठेवावी लागेल. तेव्हा विचारून द्या. तुमची हीच प्रश्नावली वापरा, सुटसुटीत आहे.”

परतताना बसमध्ये टक्केसाहेब म्हणाले, “कामगारांचं ‘चालेल’ संमतीत धरायचं. बाईंनी सांगितलंय.”

“पण सर, गिऱ्हाइकांचं चालेल आपण ‘नको’मध्ये धरलं.”

“ते गिऱ्हाईक आहेत, हे कामगार. नमुने वेगळे आहेत.”

“नमुने तर आहेतच, सर,” मी म्हणालो. कोणाबद्दल, ते त्यांनी विचारलं नाही.

मी नवीन कागद केला. हो आणि नाही, दोनच पर्याय. टक्केसाहेबांनी लाल पेनानं मध्ये ‘चालेल’ परत घातलं. “मधला पर्याय काढणं म्हणजे उत्तर देणाऱ्यावर जबरदस्ती. आणि शब्द तूच शोधलास ना? कल्पक आहे.”

*

कारखान्याच्या जेवणघरात टेबल मांडलं. गजर खात्यातले सगळे बाकांवर बसले होते आणि आपापसांत गप्पा मारत होते, म्हणजे भिंती हलत होत्या. बेलताई लिहायला, मी विचारायला.

पहिली आली ती खात्यातली सगळ्यांत थोरली बाई. तिला सगळे अक्का म्हणतात.

“अक्का, तुम्हाला लोडिंगच्या आवारात काम दिलं तर?”

“काय?”

“आवारात! काम! जाल का?”

“हां, हां. चालेल.”

बेलताईनं माझ्याकडे न बघता खूण केली. दुसरा आला. चालेल. तिसऱ्यानं प्रश्न ऐकलाच नाही, अक्कानं काय सांगितलं ते तिलाच विचारलं आणि तेच सांगितलं. हे लोक आयुष्यभर अशा गोष्टी ऐकत आले होते ज्यांना नुसती मान डोलावून भागतं. साहेब काहीतरी बोलतो, ऐकू येत नाही, परत विचारलं तर चिडतो. मग माणूस चालेल म्हणतो. माझ्या डोळ्यांपुढे ट्रकांची रांग लागली होती, आणि रांगेतला प्रत्येक जण त्यांच्याकडे पाठ करून मला चालेल म्हणत होता.

मग मामा आला. त्यानं शर्ट बदलला होता. आधी मागे वळून सगळ्यांना सांगितलं, “हा माझा भाचा बरं का! साहेब आहे!” बाकांवरून कौतुकाचे आवाज आले.

मी प्रश्न विचारला. मामानं पुढे वाकून माझ्या ओठांकडे बघितलं. त्याला कळलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, म्हणजे फक्त निम्म्या खोलीला ऐकू गेलं, “तुझं काम कशानं होईल?”

“माझं काही नाही, मामा. तुझं सांग.”

“तुला साहेब ओरडायला नको. चालेल लिही.”

बेलताईचं पेन खाली आलं. मी ते हातानं धरलं.

“मामा, नाही म्हण.”

“काय?”

“नाही म्हण!”

“काय म्हणतोस?”

“अरे, नाही म्हण! नाही! नाही! ट्रक लागेल मामा तुला, नाही म्हण!”

पलीकडच्या खोलीतली यंत्रं थांबली. बेलताईनं पेन ठेवून दिलं. सगळं जेवणघर माझ्याकडे बघत होतं. गजर खात्यातल्या माणसांनी किती वर्षांत एखादं वाक्य एवढं स्वच्छ ऐकलं नसेल.

“बरं, नाही तर नाही,” मामा म्हणाला. “एवढं ओरडायला काय झालं? मी काय बहिरा आहे?”

अक्का बाकावरून उठून टेबलाशी आली. “ए पोरा, माझं खोड ते. नाही म्हणायचं असतं होय? मग आधी सांगायचं नाही का!”

तिच्यामागे सगळे उठले. नाही, नाही, नाही. एक जण घाईत दोनदा नाही म्हणून गेला. बेलताई लिहीत होती आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. ती रडत होती की हसत होती, मी विचारलं नाही. उत्तर सुचवल्यासारखं झालं असतं.

मामी त्या संध्याकाळी पहिल्यांदा हळू बोलली. मामाला ऐकू गेलं नाही, पण चाललं.

*

“पहिला नियम काय?” टक्केसाहेबांनी विचारलं.

“उत्तर सुचवायचं नाही, सर.”

“तू सुचवलंस. कितीशा आवाजात?”

“शंभर टक्के, सर.”

“आणि ‘मामा’ म्हणालास.”

“त्यांना सगळेच मामा म्हणतात, सर.”

“तू मला मामा बनवतोयस.”

सर्वे रद्द झाला. मला त्या कामावरून काढलं आणि झाडूच्या मुठीबद्दल लोकांच्या भावना शोधायला लावलं. कामगारांना परत विचारायचं ठरलं, या वेळी दुसऱ्या कंपनीच्या मुलींकडून. आणि फोनवर. फोनवर कुणी मध्ये ओरडून सुचवू शकत नाही, असं टक्केसाहेबांचं म्हणणं.

“सर, ते बहिरे आहेत.”

“पूर्वग्रह नको,” टक्केसाहेब म्हणाले. “उत्तर देणाऱ्याबद्दल आपण आधीच मत बनवायचं नसतं.”

“निदान कागद पाठवा. मी लांब उभा राहतो. रस्त्यापलीकडे उभा राहतो.”

“फोनवरच्या उत्तराला अर्थच नसतो, असं तूच म्हणाला होतास,” बेलताई खाली बघत पुटपुटली. टक्केसाहेबांना ते ऐकू आलं असावं. पण ते माझ्या मामासारखे निघाले.

अक्काच्या घरी मी स्वतः गेलो. तिची सून हुशार होती, म्हणाली, फोन मी घेते, मीच नाही म्हणते. दोघा-तिघांकडे असंच झालं. माझ्या मामाचा फोन मात्र दुसरं कुणी घेऊ शकत नाही. तो शर्टाच्या खिशात असतो. थरथरला की मामाच्या छातीला कळतं, आणि घरात अजून काहीतरी आपल्याला सगळ्यांआधी कळतं याचा त्याला फार अभिमान आहे.

मग आम्ही सराव केला. मी स्वयंपाकघरात जाऊन त्याला फोन लावला. “हॅलो, कारखान्यातर्फे बोलतोय. लोडिंगच्या आवारात जाल का?”

“कोण?” बाहेरून आवाज आला. “अरे, तू आतच आहेस की! फोन कशाला करतोस? बाहेर ये!”

मी बाहेर आलो. समोर बसलो. त्याचे दोन्ही हात धरले. “मामा, अनोळखी नंबरवरून फोन येईल. काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं. लक्षात राहील? काहीही विचारलं तरी.”

मामानं माझ्या ओठांकडे बघितलं आणि समजूतदारपणे मान हलवली.

“चालेल,” तो म्हणाला.

फोन आला तेव्हा मामी भांडी घासत होती आणि मी तिच्याशेजारी विसळत होतो. दारातून मला मामा दिसला. त्यानं छातीवर हात ठेवला, खिशातून फोन काढला, लांब धरून नंबर बघितला, आणि मी ओल्या हातांनी धावलो. मध्ये खुर्ची होती. मी खुर्चीसकट पडलो. उठता उठता मी मान हलवली, हात हलवले, दोन्ही हात, जोरजोरात: नाही, नाही, नाही!

मामानं मला बघितलं. त्याचा चेहरा उजळला. त्याला बरोबर कळलं होतं. एक बोट वर करून त्यानं मला थांब म्हटलं आणि फोनमध्ये सांगितलं, “नाही, तो घरी नाहीये.”

मग तो, फोनवर नीट ऐकू यावं म्हणून सगळे करतात तसा, माझ्याकडे पाठ करून भिंतीशी गेला आणि दुसऱ्या कानात बोट घातलं.

“हां,” तो म्हणाला. “हां... काय?... हां, हां.”

मी पोचलो तेव्हा तो म्हणत होता, “चालेल, चालेल.” आणि त्यानं फोन ठेवला.

“कोण होतं?” मी ओरडलो.

“तुझंच कुणीतरी. पोरगी होती, फार गोड बोलत होती. तू नको नको करत होतास ना, म्हणून मी परस्पर मिटवलं.” त्यानं फोन खिशात टाकला आणि वर थोपटला. “काळजी करू नकोस. तुझं नाव नाही सांगितलं.”

मी त्या नंबरवर परत फोन लावला. एक ध्वनिमुद्रित बाई म्हणाली, या क्रमांकावर येणारे फोन घेतले जात नाहीत. तिनं मला कुठलाच पर्याय दिला नाही.

मामी दारात उभी होती. हाताला साबण तसाच. ती ओरडली नाही. आमच्या घरात खरं काही झालं की असंच होतं.

*

फोनवर एकदा नोंदलेलं उत्तर बदलता येत नाही, असं टक्केसाहेब म्हणाले. सोमवारपासून मामा आवारात जाणार आहे. त्याला नवीन बूट मिळालेत आणि पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. ते घालून तो आरशासमोर उभा राहिला, वळून पाठ बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

म्हणून आता रोज संध्याकाळी आम्ही खुर्च्या बाजूला करतो. मामा जाकीट घालून स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालतो आणि दर दोन पावलांनी त्यानं मागे बघायचं असं ठरलंय. मामी हॉर्न होते. मी ट्रक होतो. मी उलटा, हळूहळू, त्याच्या मागे येतो.

दुसऱ्या पावलाला तो बघतो. चौथ्या पावलाला त्याला खिडकीतून काहीतरी दिसतं, किंवा त्याला काहीतरी आठवतं आणि तो त्याबद्दल पुढे बघूनच मोठ्यानं सांगायला लागतो. मामी हॉर्न देते. घसा फुटेपर्यंत देते. खालच्या मजल्यावरचे लोक छताला काठी आपटतात. आणि माझी पाठ त्याच्या पाठीला लागते.

“लागला?” मामा विचारतो.

“लागला,” मी म्हणतो.

तो वळतो, मामीच्या चेहऱ्याकडे बघतो, मग माझ्या ओठांकडे. मी श्वास घेतो.

“परत एकदा करायचं, मामा?”

“चालेल,” मामा म्हणतो, आणि पाठ फिरवून चालायला लागतो.